संशोधकाचा धीर आणि संस्थेचा बंदोबस्त

विद्याव्यासंग ही एक तपश्चर्या आहे, आणि तपश्चर्या म्हटली की देहदंड, उपासमार व एकांत ही तिच्या पाठोपाठ यायचीच, अशी समजूत आपल्या समाजात फार जुन्या काळापासून दृढ होऊन बसली आहे. तिच्यात आदराचा अंश आहे हे खरे. परंतु त्या आदराच्या आडोशाला पुष्कळ हयगय सुखाने नांदते, हेही तितकेच खरे. पीएच.डी.साठी नाव नोंदवलेला तरुण रात्र-रात्र जागू लागतो, जेवणखाण विसरतो, चारचौघांत मिसळेनासा होतो, तेव्हा घरची मंडळी 'अभ्यासात गढला आहे' म्हणून कौतुक करतात, मार्गदर्शक 'काम जोरात चालले असेल' म्हणून निश्चिंत राहतात, आणि विद्यापीठाच्या दप्तरात त्याच्या नावापुढे 'प्रगती समाधानकारक' एवढाच शेरा पडतो. त्याची झोप उडाली आहे, लिहिलेले पान वारंवार खोडूनही पुढे सरकत नाही, मार्गदर्शकांचा फोन आला की छातीत धडधडते, याची दखल कोणी घ्यायची, हे मात्र कोठेच लिहून ठेवलेले नसते. ती दखल कोणाची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याची साधने कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार मुंबई-पुण्याच्या नामांकित संस्थांच्या संदर्भात करण्याचा प्रघात आहे. परंतु महाराष्ट्रातील संशोधकांचा फार मोठा वर्ग तालुक्याच्या गावांत राहतो, म्हणून तो बार्शीसारख्या ठिकाणाहून आरंभणे अधिक न्याय्य होय. भगवंताच्या देवळामुळे भाविकांना आणि तुरीच्या व ज्वारीच्या आडतीमुळे व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले हे गाव रूढ अर्थाने विद्यापीठाचे गाव नव्हे. तथापि कर्मवीर डॉ. मामासाहेब जगदाळे यांनी श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाच्या रूपाने येथे शिक्षणाचा पाया घातला, खेड्यापाड्यांतील मुलांसाठी वसतिगृहे, शाळा आणि पुढे महाविद्यालये उभी राहिली, आणि सोलापूर जिल्ह्याच्या या टोकाला, तसेच लगतच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांना, उच्च शिक्षणाचे दार उघडले. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला, आणि एका सहीसाठी किंवा एका दाखल्यासाठी बार्शीच्या माणसाला कोल्हापूरची लांबलचक वारी करावी लागू लागली. २००४ साली एकाच जिल्ह्यापुरते असे सोलापूर विद्यापीठ निर्माण झाले, ज्याचे २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावे नामकरण झाले, आणि ती वारी सत्तरेक किलोमीटरांवर आली. अंतर घटले ही सोय लहान नव्हे. पण अंतर हा संशोधकाच्या अनेक भारांपैकी केवळ एक भार होता.

ते इतर भार समजून घ्यावयाचे तर अशा गावातील संशोधकाचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. तो बहुधा तासिका तत्त्वावर शिकवणारा अध्यापक असतो. नेट किंवा सेट उत्तीर्ण, परंतु कायम जागा नाही, म्हणून जितके तास शिकवावे तितकाच मेहनताना, सुटीच्या दिवसांचा काही नाही, आणि जो काही मिळायचा तोही महिनोगणती विलंबाने. सकाळी साडेसातला पहिला तास, दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात दुसरा, मधल्या वेळात परीक्षेच्या उत्तरपत्रिका, शिवाय संस्थेच्या मूल्यांकनाची फाईल तयार करण्याचे काम तरुण म्हणून हक्काने त्याच्याच गळ्यात. संध्याकाळी घरी आला की शेतीचा हिशेब, आईचे औषध, धाकट्या भावाचा प्रवेश. रात्री साडेदहानंतर प्रबंधाची वही उघडते, आणि त्या वेळी त्याच्या हातात जो मेंदू उरलेला असतो तो दिवसभर इतरांनी वापरून झालेला असतो. संशोधिका असेल तर या यादीत स्वयंपाकघर, मूल आणि 'आता किती दिवस चालणार हे' हा सासर-माहेरचा सवाल यांची भर पडते. सहामाही प्रगती-अहवालाचा कागद मार्गदर्शकांच्या सहीसाठी, तेथून संशोधन केंद्राच्या प्रमुखांच्या सहीसाठी, तेथून विद्यापीठाच्या आवक-जावक विभागात असा फिरत असतो. आणि त्या कागदावर प्रकरण किती लिहिले, शोधनिबंध किती छापले, चर्चासत्रे किती केली यांचे रकाने असतात, माणूस कसा आहे याचा रकाना नसतो.

हा क्लेश कल्पित नाही आणि केवळ आपल्याकडचाही नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतातील ३,६५९ पीएच.डी. संशोधकांची पाहणी करून २०१७ साली काटिया लेव्हेक आणि त्यांचे सहकारी यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सुमारे अर्ध्या संशोधकांमध्ये मानसिक ताणाची किमान दोन लक्षणे आढळली, आणि ३२ टक्के संशोधक सर्वसामान्य मानसिक विकाराच्या, विशेषतः नैराश्याच्या, उंबरठ्यावर असल्याचे दिसले. तितकेच शिकलेल्या इतर लोकांशी तुलना केली असता हे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. पुढच्याच वर्षी २६ देशांतील २,२७९ व्यक्तींच्या, मुख्यतः पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या, पाहणीत ४१ टक्क्यांना मध्यम ते तीव्र चिंताविकार आणि ३९ टक्क्यांना तशाच प्रतीचे नैराश्य असल्याचे नमूद झाले. या दुसऱ्या पाहणीत ज्यांनी आपण होऊन प्रश्नावली भरली त्यांचीच गणना आहे, आणि दुखणाऱ्या माणसाला प्रश्नावली भरण्याची ओढ अधिक असते, हे ध्यानात घेऊन तिचे आकडे सावधपणे वाचले पाहिजेत. तरीही दोन्ही पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवतात.

आकड्यांहून अधिक उपयुक्त आहे ती फ्लँडर्सच्या पाहणीतील कारणमीमांसा. ताण कोणाला अधिक, याचा शोध घेताना संशोधकाचा स्वभाव हळवा की कणखर एवढ्यावर ते विवेचन थांबले नाही. कामाचा बोजा किती, आपले काम कसे करावे हे ठरवण्याची मुभा कितपत, घर आणि काम यांची ओढाताण किती, मार्गदर्शक लक्ष घालणारा की सोडून देणारा, गटाच्या निर्णयांत संशोधकाला विचारतात की नाही, आणि पदवीनंतर पुढे काय याचे चित्र कितपत स्पष्ट, या बाबी तेथे निर्णायक ठरल्या. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली कारखाने आणि कचेऱ्या यांतील नोकरदारांविषयी जो सिद्धांत मांडला होता त्याच्याशी हे जुळते: अपेक्षा मोठ्या आणि अधिकार अल्प, अशी स्थिती माणसाला सर्वाधिक झिजवते. प्रबंध वेळेत झाला पाहिजे ही अपेक्षा पूर्णपणे संशोधकाची. पण मार्गदर्शकांची भेट, अधिछात्रवृत्तीचा हप्ता, समितीची तारीख, बहिःस्थ परीक्षकाचा अहवाल यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती नाही. तेव्हा त्याला 'मन खंबीर ठेव' असे सांगणे हे सल्ल्याच्या रूपातील टाळाटाळ होय.

माणूस संकटात कशाच्या बळावर उभा राहतो, या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा ज्यांनी केला त्यांत एमी वर्नर यांचे नाव अग्रभागी आहे. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक आपत्ती एकाच वेळी ज्यांच्या वाट्याला आल्या होत्या, त्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी कर्तबगार आणि समाधानी निघाली; आणि त्यांच्या आयुष्यात समान असे जे आढळले त्यात, भरवशाचे निदान एक तरी वडीलधारे माणूस पाठीशी असणे, ही बाब ठळक होती. तग धरण्याची शक्ती माणसाच्या अंगी असते, पण ती त्याच्या भोवतालून झिरपत त्याच्यापर्यंत पोचते, असा या दीर्घ निरीक्षणाचा इत्यर्थ सांगता येईल.

याचा पडताळा पाहण्यास दूर जावयास नको. १९२४ साली बार्शीत भरलेल्या बहिष्कृत परिषदेत जे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, ते त्याआधी अवघ्या काही महिन्यांपूर्वी लंडन विद्यापीठाचे डी.एस्‌सी. झाले होते, आणि ती पदवी पदरात पडेपर्यंतचा त्यांचा प्रवास आजच्या कोणत्याही अडलेल्या संशोधकाने बारकाईने वाचावा असा आहे. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले, आणि स्वतंत्र जहाजाने येणारे सामान महायुद्धातील पाणबुडीच्या हल्ल्यात सापडून त्यांची पुस्तके समुद्रात गेली. एवढ्यावर एखाद्याचे संशोधन कायमचे संपले असते. ते संपले नाही याचे श्रेय त्यांच्या असामान्य निग्रहाला आहेच. पण त्याबरोबर एका साध्या कचेरीच्या निर्णयालाही आहे. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाने त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा दिली होती. म्हणजे त्यांचे नाव पटावरून कमी झाले नाही. काम तहकूब झाले, रद्द झाले नाही.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून केलेली बचत, मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज आणि शाहू छत्रपतींचे साहाय्य यांच्या आधाराने १९२० साली ते पुन्हा लंडनला पोचले. १९२१ साली एम.एस्‌सी. झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी १९२२ साली सादर केला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला. पैसे संपले होते, म्हणून मुंबईस परतून त्यांनी तो येथे बसून सुधारला, पुन्हा धाडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पदवी जाहीर झाली. प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपल्या विद्यार्थ्याच्या काही मतांशी आपण सहमत नसल्याचे मोकळेपणाने नमूद करूनही त्याच्या विचारांच्या ताजेपणाचा गौरव केला. मतभेद आणि पाठिंबा हे एकाच मार्गदर्शकाच्या ठायी एकत्र नांदू शकतात, आणि विद्यार्थ्याला त्यांची सारखीच गरज असते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. या साऱ्या हकिकतीतून निग्रह हा एक घटक बाजूला काढला तर उरते ती मदतीची एक व्यवस्था: मुदतीची मुभा, नोकरी, कर्ज, आश्रय, परखड पण पाठीशी उभा असलेला गुरू. निग्रह त्या व्यवस्थेवर उभा होता.

उलट बाजूची साक्ष कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, यांच्या चरित्रात आढळते. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत उत्तम यश मिळवून १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला, तो संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून नाकारला. त्यांनी माघार न घेतल्याने अखेर एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर प्रवेश मिळाला. ती अट त्यांनी पार पाडली, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, आणि बंगळूरची दारे इतर मुलींसाठीही उघडली गेली. ही कथा आपण सहसा जिद्दीची कथा म्हणून सांगतो. परंतु बरोबरीच्या पुरुष विद्यार्थ्यांना केवळ आपले काम सिद्ध करावयाचे होते, कमलाबाईंना मात्र त्याबरोबर आपले तेथे असणेही सिद्ध करावे लागले, आणि हा दुसरा भार विज्ञानाच्या कोणत्याही उपयोगाचा नव्हता. आजही पहिल्या पिढीतील संशोधक, आरक्षित जागेवरून आलेला संशोधक, मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणारी संशोधिका हे याच अतिरिक्त भाराखाली वावरतात. 'तुझे इंग्रजी जरा कच्चे आहे' या एका शेऱ्याने महिनाभर लेखणी न उचलणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत.

भार वाहण्याच्या या प्रश्नावर बार्शीच्याच इतिहासात एक अभियांत्रिकी उत्तर सापडते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे बांधली, आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी गाव असा तिचा पहिला टप्पा सुरू झाला. दर यार्डाला ३० पौंड एवढ्याच वजनाच्या हलक्या रुळांवरून जड मालगाडी न्यावयाची तर रूळ तुटतील, अशी रास्त शंका होती. कॅलथ्रॉपने रूळ जाड केले नाहीत; त्याने इंजिने आणि डबे अशा हिशेबाने आखले की कोणत्याही एका आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ नये आणि सर्व आसांवर तो सारखा वाटला जावा. तरुण संशोधकाच्या बाबतीत आपण नेमके याच्या विरुद्ध करतो. सारा बोजा एकाच आसावर लादून गाडी घसरली की रूळ कच्चा होता असा निष्कर्ष काढतो, आणि पुढच्या रुळाने अधिक कणखर व्हावे म्हणून त्याच्यासाठी तणावमुक्तीचे एक दिवसाचे शिबिर भरवतो.

भार वाटून घेण्याची रीत आधुनिक काळातही बार्शीने संशोधनाच्या क्षेत्रात प्रत्यक्ष आचरून दाखवली आहे. येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू केली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर भागते. येथे रोगी रुग्णालयात पोचतच नव्हता, म्हणून कार्यकर्त्यांनीच गावोगाव जायचे, सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलायचे, पारावर बायकापुरुषांची बैठक घेऊन लक्षणे समजावून सांगायची, संशयित रोग्याला तपासणीस आणायचे आणि मृत्यूंची चौकशी करून नोंद पक्की करायची, असा शिरस्ता घालून दिला गेला. या खटाटोपाचा परिणाम केवळ वहीत दिसला नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रोगिणी पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या.

याच पायावर पुढे शेजारच्या त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठी चाचणी उभी राहिली. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत समाविष्ट होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या विषाणूची चाचणी एकदाच केल्यानेही प्रगत कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हा तिचा निष्कर्ष २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर विचारात घेतला गेला. तिच्यातील तुलनागटाला तपासणी न मिळाल्याबद्दल पुढे नीतीच्या अंगाने आक्षेपही घेतले गेले, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्या विषयापुरता मुद्दा असा की, इतकी वर्षे चालणारे, कंटाळवाणे वाटावे इतके बारीक काम उन्हातान्हात करणारी माणसे टिकली, त्यामागे काही ठरीव गोष्टी होत्या. प्रत्येकाच्या वाट्याचे काम मोजके आणि नेमके होते. अडचण आली तर विचारायचे कोणाला हे ठाऊक होते. काम एकट्याचे नसून पथकाचे होते. आणि ज्या गावातून नोंद घेतली त्याच गावातील एखादी बाई वेळीच उपचार होऊन घरी परतलेली दिसत होती, त्यामुळे आपण करतो ते कशासाठी, हा प्रश्न पडण्याचे कारण उरत नव्हते. प्रबंध लिहिणाऱ्या एकट्या संशोधकाला या चारांपैकी बहुधा एकही गोष्ट लाभत नाही.

ती लाभावी यासाठी कायद्याची चौकट आता पुष्कळशी अनुकूल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे ठरवली असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे वाढवता येतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि स्त्रियांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. एका वेळी प्राध्यापकाने ८, सहयोगी प्राध्यापकाने ६ आणि सहायक प्राध्यापकाने ४ यांहून अधिक विद्यार्थी घेऊ नयेत. प्रत्येक संशोधकासाठी सल्लागार समिती असावी आणि तिने दर सत्रात प्रगतीचा आढावा घ्यावा, असा दंडक आहे. प्रबंधापूर्वी नियतकालिकात निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती या विनियमांनी काढली, त्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांच्या दारात रांग लावण्याचे एक मोठे निमित्त संपले. परंतु आपल्याला रजेचा हक्क आहे हे संशोधिकेला ठाऊक नसणे, आणि समितीची बैठक चहा-बिस्किटांत व सह्यांत आटोपणे, हा व्यवहार विनियमाने बदलत नाही.

पैशाची गोष्ट तशीच. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींनी अनेक कुटुंबांतील पहिल्याच पदवीधराला संशोधनापर्यंत आणले, ही मोठी घटना होय. मात्र जाहिरात, निवड, मंजुरी आणि प्रत्यक्ष हप्ता यांत अंतर पडत गेल्याने याच संशोधकांना उपोषणे आणि धरणी धरावी लागली आहेत. रकमेच्या आकड्याइतकीच तिची तारीख महत्त्वाची असते. ज्याने घरभाडे, खानावळ आणि एस.टी.चा पास उधारीवर चालवला आहे, त्याला आठ महिन्यांची थकबाकी एकरकमी मिळाली तरी त्या आठ महिन्यांत झालेली मानहानी आणि मोडलेली एकाग्रता परत मिळत नाही.

तेव्हा करावयाचे काय? यातील पुष्कळसे उपाय बिनखर्चाचे आहेत. मार्गदर्शकाने नोंदणीच्या पहिल्या महिन्यातच विद्यार्थ्यासोबत बसून भेटीचा वार, लिखाण वाचून परत देण्याची मुदत, आणि कोणते काम प्रबंधाचे व कोणते नव्हे, एवढे कागदावर उतरवावे. घरची कामे, मुलांच्या शिकवण्या, स्वतःच्या ग्रंथाची मुद्रिते तपासणे ही दुसऱ्या यादीत आपोआप जातील. दुरुस्त्या सांगताना पानातील काय चांगले उतरले हेही सांगावे; ही खुशामत नव्हे, पुढच्या पानासाठी दिशा आहे. महाविद्यालयाने तासिकांचे वेळापत्रक आखताना नोंदणीकृत संशोधकाला आठवड्यातील एक सलग दिवस मोकळा द्यावा, आणि ग्रंथालयात कुलूप असलेले एक कपाट व संध्याकाळी उघडी राहणारी एक खोली द्यावी. बार्शी, वैराग, कुर्डुवाडी, परंडा या टापूतील निरनिराळ्या विषयांच्या संशोधकांनी महिन्यातून एकदा एकत्र जमून प्रत्येकाने आपली चालू अडचण दहा मिनिटांत मांडावी; इतिहासवाल्याला रसायनशास्त्र कळणार नाही, पण मार्गदर्शक दोन महिने फोन उचलत नाहीत ही अडचण सर्वांना कळते, आणि ती आपल्या एकट्याचीच नाही एवढे समजल्यानेही रात्रीची झोप सुधारते. विद्यापीठाने मार्गदर्शक बदलण्याची आणि तक्रार मांडण्याची वाट अशी ठेवावी की, अर्ज ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच सहीने तो पुढे सरकण्याची पाळी येऊ नये.

संशोधकाच्या स्वतःच्या हाती आहे तेही थोडे नाही. दिवसाचा ठरावीक तास, तो अर्धाच असला तरी, लिखाणासाठी राखणे. नकार आलेला निबंध आठवडाभर बाजूला ठेवून मग परीक्षकाचे आक्षेप क्रमांक घालून उतरवणे. प्राध्यापकीखेरीज अभिलेखागार, पत्रकारिता, प्रयोगशाळा, शासकीय सेवा, प्रकाशन यांत आपल्या शिक्षणाला कोठे वाव आहे याची आधीपासून चौकशी ठेवणे. आणि सलग दोन आठवडे झोप, भूक व कामातील रस हरवला असेल तर तो आळस न समजता डॉक्टरांना भेटणे. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटू लागला असेल तर प्रबंधाचा, पदवीचा किंवा लोकांचा विचार बाजूस ठेवून त्याच क्षणी हा क्रमांक फिरवावा आणि जवळच्या माणसाला सोबत बोलवावे. घरच्यांनीही 'कधी संपणार' ऐवजी 'सध्या काय वाचतोस' असे विचारून पाहावे. काहींच्या बाबतीत संशोधन सोडणे हाच सुज्ञ निर्णय असतो, आणि तो घेणाऱ्याला पळपुटा म्हणण्याचे कारण नाही.

पण या साऱ्या उपायांची परीक्षा एका साध्या नोंदवहीने होईल. बार्शीच्या कर्करोग नोंदणीने जी गोष्ट शिकवली ती अशी की, रुग्णालयात न पोचलेला रोगी मोजला जाईपर्यंत त्या रोगाचा बंदोबस्त होत नाही. विद्यापीठांचे अहवाल किती जणांना पीएच.डी. प्रदान केली हे अभिमानाने सांगतात. किती जणांनी नोंदणी करून वाटेत सोडली, कोणत्या वर्षी सोडली, पैशाअभावी सोडली की प्रकृतीमुळे, लग्नामुळे की मार्गदर्शकांमुळे, याचा तक्ता त्यांत सहसा नसतो. प्रत्येक संशोधन केंद्राने हा तक्ता दरवर्षी, नावे वगळून, प्रसिद्ध करावा. सोडून जाणाऱ्याला जाताना एक प्रश्न विचारण्यास आणि त्याचे उत्तर लिहून घेण्यास कोणत्याही अनुदानाची मंजुरी लागत नाही, आणि ते उत्तर हाती असल्याशिवाय तरुण संशोधकांच्या धैर्याविषयी मत देण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला पोचत नाही.